हीट पंपाचा थर्मोस्टॅट बदलताना जुन्या ‘बी’ टर्मिनलवरील निळी तार कुठे लावावी?

अजिंक्यताऱ्याखालून (सातारा)

नमस्कार. आमच्या सासऱ्यांनी पाचगणीला बांधलेल्या घरात डक्टचा हीट पंप आहे. हिवाळ्यात गरम आणि उन्हाळ्यात थंड हवा देण्याचे काम ती एकच यंत्रणा करते. आउटडोअर युनिट मागच्या ओट्यावर, इनडोअर युनिट माळ्यावर आणि थर्मोस्टॅट दिवाणखान्याच्या भिंतीवर आहे. पावसाळाभर घर बंद होते. आता उघडून पाहिले तर थर्मोस्टॅटचा पडदा कोरा आहे, आणि नव्या बॅटऱ्या घालूनही तो उजळत नाही. झाकण काढले तेव्हा आतल्या पट्टीवर हिरवट थर चढलेला दिसला, म्हणजे तिथल्या धुक्याने आणि ओलीने त्याचा जीव घेतला असावा.

भाच्याने अमेरिकेहून वाय-फायवर चालणारा नवा थर्मोस्टॅट आणून दिला आहे. त्यावर आर, सी, वाय, जी, ओ/बी आणि डब्ल्यू/ऑक्स अशी टर्मिनले आहेत. जुन्यावरील जोडणी अशी आहे: आरला लाल, वायला पिवळी, जीला हिरवी, ओला नारिंगी, बीला निळी आणि डब्ल्यू-2ला पांढरी. त्याखेरीज एक तपकिरी तार कुठेही न जोडता भिंतीच्या पाइपात गुंडाळून ठेवलेली आहे.

अडचण अशी की जुन्यावर ओ आणि बी ही दोन वेगळी टर्मिनले आहेत आणि दोन्हींना तारा आहेत, तर नव्यावर दोघांसाठी मिळून एकच जागा आहे. शिवाय नव्याचे सी टर्मिनल भरायला माझ्याकडे तार उरत नाही. नेहमीच्या वायरमनने सुचवले की निळी आणि नारिंगी एकत्र पिळून ओ/बीमध्ये घालू या, आणि सीला तपकिरी लावून बघू या. यंत्रणा बसवणाऱ्या कंत्राटदाराशी आता संपर्क होत नाही. नाताळच्या सुमारास सासूबाई तिथे राहायला जातात, त्याआधी हे काम व्हावे अशी इच्छा आहे. पण घाईने काही जाळून ठेवायचे नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

कृष्णाकाठचा_मेकॅनिक (सांगली)

ताई, त्या दोन तारा एकत्र पिळू नका, आणि वायरमनलाही पिळू देऊ नका. कारण सविस्तर सांगतो. ते एकदा कळले की पुढचे काम तुम्हाला स्वतःलाच उलगडेल.

माझे बहुतेक काम तासगावच्या बाजूला, बेदाण्याच्या शीतगृहांत असते; पण डक्टची गरम-थंड युनिटेही बरीच हाताळली आहेत. पहिला प्रश्न नेहमी व्होल्टेजचा असतो. आपल्याकडच्या कार्यालयांत आणि हॉटेलांत जे रूम थर्मोस्टॅट दिसतात, त्यांतले पुष्कळसे थेट 230 व्होल्टवर चालतात. त्यांच्यावर एल आणि एन ही अक्षरे असतात आणि तारा घरातल्या वायरिंगसारख्या जाड असतात. तशा तारांवर अमेरिकेचा थर्मोस्टॅट लावला तर तो क्षणात जळेल. तुमच्या टर्मिनलांची अक्षरे वाचून तुमची यंत्रणा 24 व्होल्ट एसीची दिसते, म्हणजे इनडोअर युनिटमध्ये 230चे 24 करणारा छोटा ट्रान्सफॉर्मर असणार. तरीही हे अक्षरांवरून मानू नका, मल्टिमीटरने पाहा. हातातल्या टेस्टरवर तर मुळीच विसंबू नका, कारण त्यातला निऑनचा दिवा 24 व्होल्टला पेटतच नाही आणि त्यामुळे वीज असूनही नाही असे वाटते.

तिसरा एक प्रकारही असतो. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरच्या अनेक युनिटांत भिंतीवरचा फलक म्हणजे वायर असलेला रिमोट असतो. त्याच्या तारांवरून मशीनचे संदेश जातात आणि त्या जागी असा थर्मोस्टॅट बसतच नाही. तुमचा तो प्रकार नाही.

आता मुद्द्याकडे. 24 व्होल्टच्या थर्मोस्टॅटमध्ये आर ही ट्रान्सफॉर्मरची एक बाजू आणि सी म्हणजे कॉमन ही दुसरी. वायवर कॉम्प्रेसरचा कॉन्टॅक्टर (कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा विजेचा स्विच), जीवर घरातला पंखा, ओ किंवा बीवर रिव्हर्सिंग व्हॉल्व्ह आणि डब्ल्यूवर विजेचा जादा हीटर असतो. या प्रत्येकाचे दुसरे टोक कॉमनला गेलेले असते. थर्मोस्टॅट स्वतः वीज तयार करत नाही. जे यंत्र चालवायचे त्याच्या तारेला तो आरशी जोडतो, एवढेच त्याचे काम. म्हणून तुमची निळी तार जर कॉमन निघाली आणि ती नारिंगीबरोबर ओ/बीमध्ये गेली, तर थर्मोस्टॅटने व्हॉल्व्हला वीज द्यायचे ठरवले त्याच क्षणी आर आणि कॉमन एकमेकांना थेट जोडले जातील. बोर्डावर फ्यूज असेल तर तो उडेल. नसेल तर ट्रान्सफॉर्मर जळेल.

त्यामुळे निळी तार कशाची आहे हे पक्के ठरल्याशिवाय नव्या थर्मोस्टॅटला एकही तार लावू नका. जुना काढण्याआधी मात्र त्याचा फोटो घ्या आणि प्रत्येक तारेला अक्षर लिहिलेली कागदी पट्टी चिकटवा.

वाईकर_परदेशी

मी मूळचा वाईचा, सध्या अमेरिकेत असतो. इथे घरोघरी हीच पद्धत असल्यामुळे बी या अक्षराबद्दल थोडी भर घालतो.

रिव्हर्सिंग व्हॉल्व्ह म्हणजे चार तोंडांची झडप. वायूचा प्रवाह उलटा फिरवून ती घरातल्या कॉइलला, म्हणजे हवा जिच्यावरून वाहते त्या नळ्यांच्या जाळीला, कधी गरम, तर कधी थंड करते. बहुतेक कंपन्यांच्या हीट पंपांत घर थंड करताना या व्हॉल्व्हला वीज मिळते, आणि त्या तारेला ओ म्हणतात. ऱ्हीम आणि रूड यांच्या पंपांत परंपरेने उलटे असते, म्हणजे गरम करताना वीज मिळते, आणि तिथे अक्षर बी असते. एका पंपाला यांतले एकच लागते, म्हणून नव्या थर्मोस्टॅटवर दोहोंसाठी एकच टर्मिनल असते आणि कोणत्या वेळी वीज द्यायची हे सेटिंगमध्ये निवडावे लागते.

घोटाळा इथून पुढे आहे. ट्रेन या कंपनीच्या अनेक जुन्या थर्मोस्टॅटांवर बी हे अक्षर कॉमनसाठी वापरले आहे. त्यामुळे ओ आणि बी दोन्हींना तारा दिसल्या की बी कॉमन असण्याची शक्यता खूप असते. पण शक्यता म्हणजे खात्री नव्हे. काही जुन्या थर्मोस्टॅटांवर ओ आणि बी दोन्ही व्हॉल्व्हसाठीच असतात, आणि बसवणाऱ्याने बीवर नुसतीच तार लावून ठेवलेली असते.

तारेच्या रंगावरही जाऊ नये. लाल म्हणजे आर हा संकेत खरा आहे, पण तो कायदा नाही, आणि केबल संपली की माणूस हाती येईल ती तार वापरतो.

कराडकर

एवढे लांबण लावायची गरज वाटत नाही. मीटर एसी व्होल्टवर ठेवा, एक टोक लाल तारेला आणि दुसरे निळ्या तारेला लावा. 24च्या आसपास आकडा आला तर निळी कॉमन आहे. ती सीला लावावी आणि काम संपवावे.

अजिंक्यताऱ्याखालून (सातारा)

कराडकर यांनी सांगितल्याप्रमाणे पाचगणीला जाऊन मोजले. सगळ्या तारा जुन्या थर्मोस्टॅटमधून सोडवून एकमेकींपासून लांब ठेवल्या होत्या. लाल आणि निळी यांच्यामध्ये 27 व्होल्ट आले, तेव्हा बरे वाटले. पण खात्रीसाठी बाकीच्याही मोजल्या, तर लाल-नारिंगी 27, लाल-पिवळी 27, लाल-हिरवीही 27 दाखवते. लाल-तपकिरीमध्ये मात्र आकडा स्थिर राहत नाही, एक-दोन व्होल्टच्या आसपास भटकतो. निळी कॉमन असेल तर मग नारिंगी, पिवळी आणि हिरवी या काय आहेत? की कुठे तारा एकमेकींना चिकटल्या आहेत?

मिरजेचा_मास्तर

ताई, तुमचे मोजमाप बरोबर आहे आणि तारा चिकटलेल्या नाहीत. बाकीच्या तारा मोजून पाहिल्यात ते फार चांगले केलेत, कारण एकट्या निळीचा आकडा पाहून थांबला असतात तर अर्धवट पुराव्यावर निर्णय झाला असता.

वर म्हटले आहे की पिवळी तार कॉन्टॅक्टरच्या कॉइलमधून (इथे कॉइल म्हणजे तारेची गुंडाळी) कॉमनला जाते, नारिंगी व्हॉल्व्हच्या कॉइलमधून आणि हिरवी पंख्याच्या रिलेमधून. म्हणजे या प्रत्येक तारेच्या पलीकडे, मध्ये एक कॉइल घेऊन, तेच कॉमन उभे आहे. आजच्या डिजिटल मीटरचा आतला रोध साधारण 1 कोटी ओहम असतो. कॉइलचा रोध त्यापुढे इतका नगण्य की तिच्यावर व्होल्टेज पडतच नाही, आणि जवळजवळ सगळे व्होल्ट मीटरवर दिसतात. नळ बंद असताना पाइप अर्धा इंची असो की दोन इंची, दाबमापक सारखाच आकडा दाखवतो, तसे हे आहे. पाणी वाहू लागल्यावरच फरक कळतो. म्हणून लाल तारेपासून व्होल्ट मोजण्याची चाचणी ‘ही तार पलीकडे कशाला तरी जोडलेली आहे’ एवढेच सांगते. ती कॉमन आहे की कॉइलची, हे ती सांगू शकत नाही. तपकिरीवरचा भटकता आकडा शेजारच्या तारांच्या प्रभावाने आलेला आहे, म्हणजे ती तार दुसऱ्या टोकालाही मोकळीच असावी.

कॉमन ओळखण्याचा खरा मार्ग म्हणजे माळ्यावरच्या इनडोअर युनिटचे झाकण उघडून निळी तार तिथे कोणत्या अक्षराखाली गेली आहे ते डोळ्यांनी पाहणे. त्याला जोड म्हणून, वीज पूर्ण बंद करून ओहमवर मोजा. निळी आणि नारिंगी यांच्यामधील रोध हा व्हॉल्व्हच्या कॉइलचा, म्हणजे साधारण काही दहा ओहमांच्या घरातला असेल. निळी आणि बोर्डावरचे सी यांच्यामध्ये मात्र मीटर जवळजवळ शून्य दाखवून ‘बीप’ वाजेल. 27 व्होल्टची काळजी नको. ट्रान्सफॉर्मरवर भार नसला की 24च्या जागी 26 ते 28 येणे नेहमीचेच आहे.

कराडकर

मास्तर, हे नीट समजले. माझ्या सूचनेवर विसंबून कोणी जोडणी करू नये.

कृष्णाकाठचा_मेकॅनिक (सांगली)

माळ्यावर जाण्याआधी हे नक्की वाचा. भिंतीवरच्या तारांत 24 व्होल्ट असतात, पण युनिटच्या पोटात 230 आहेत.

इनडोअर आणि आउटडोअर या दोन्हींचे एमसीबी वेगळे असतात, आणि जादा हीटरचा बहुधा तिसरा असतो. तिन्ही खाली करा. मग घरातला इन्व्हर्टर आठवून पाहा, कारण पाचगणी-महाबळेश्वरच्या घरांत तो असतोच. कोणी पंख्याचे किंवा बोर्डाचे सर्किट इन्व्हर्टरवर घेतलेले असेल, तर मेन बंद होताच इन्व्हर्टर चालू होईल आणि तुम्ही निर्धास्तपणे हात घालाल तिथे 230 व्होल्ट जिवंत असतील. आधी इन्व्हर्टर बंद करा, त्यानंतर मेन, आणि झाकण काढल्यावर मुख्य टर्मिनलांवर मीटर लावून शून्य आले की मगच पुढे जा. पंख्याच्या मोटरचा कपॅसिटर, म्हणजे पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा दंडगोल, वीज बंद झाल्यावरही आत वीज साठवून ठेवतो. त्याच्या टोकांना हात लावू नका. हे सगळे एकट्याने करू नका, वायरमनला बरोबर घ्या आणि हा धागाही त्यांना वाचायला द्या.

आत बोर्डावर लहान स्क्रूंची पट्टी दिसेल. तिच्यावरची अक्षरे कंपनीने छापलेली असतात, आणि या संपूर्ण कामात विश्वास ठेवायचा तो त्या अक्षरांवर. प्रत्येक अक्षराखाली कोणत्या रंगाची तार आहे ते लिहून घ्या. एका स्क्रूखाली दोन तारा दिसल्या तर गोंधळू नका. एक भिंतीकडे आणि दुसरी आउटडोअरकडे जात असेल. फ्यूज आहे का तेही पाहा, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या वायरिंगच्या नकाशाचा फोटो घ्या.

अजिंक्यताऱ्याखालून (सातारा)

काका, सांगितल्याप्रमाणे केले. तुमचा इन्व्हर्टरबद्दलचा इशारा खरा ठरला: इनडोअर युनिटचा पंखा आणि बोर्ड इन्व्हर्टरच्या सर्किटवरच आहेत. मेन खाली केल्यावरही बोर्डावरचा बारीक हिरवा दिवा चालू होता. तो इन्व्हर्टर बंद केल्यावर गेला, त्यानंतरच वायरमननी हात घातला.

बोर्डाच्या पट्टीवर आर, सी, वाय, जी, ओ, डब्ल्यू अशी सहा अक्षरे आहेत. निळी तार सीखाली आहे, आणि त्याच स्क्रूखालून दुसरी एक काळी तार आउटडोअरकडे गेली आहे. नारिंगी ओखाली, पिवळी वायखाली, हिरवी जीखाली, पांढरी डब्ल्यूखाली. बी हे अक्षर या पट्टीवर नाहीच. तपकिरी तार इथेही गुंडाळून ठेवलेली आहे. ओहमवर भिंतीवरची निळी आणि बोर्डावरचे सी यांच्यात बीप वाजला. निळी-नारिंगीमध्ये 18 ओहम आले.

बोर्डावर मोटारीत असतो तसा पात्याचा जांभळा फ्यूज आहे, त्यावर 3 लिहिलेले आहे आणि तो शाबूत आहे. भिंतीकडच्या टोकाला तांबे हिरवे-काळे पडले आहे आणि दोन तारा स्क्रूजवळ अगदी बारीक झाल्या आहेत. आता निळी सीला लावायची ना?

वाईकर_परदेशी

होय. तुमची निळी तार कॉमनच आहे, आणि जुन्या थर्मोस्टॅटवरील बी हे अक्षर त्याच अर्थाने वापरलेले होते. नव्याला सी हवे होते, ते पहिल्यापासून तुमच्या भिंतीत होते. तपकिरीची गरज नाही. ती सुटी तार म्हणून तशीच राहू द्या.

कृष्णाकाठचा_मेकॅनिक (सांगली)

आता जोडणी अशी करा: लाल आरला, निळी सीला, पिवळी वायला, हिरवी जीला, नारिंगी ओ/बीला आणि पांढरी डब्ल्यू/ऑक्सला. नव्यावर आरसी आणि आरएच अशी दोन टर्मिनले असतील तर दोघांच्यात जंपर (जोडणारी छोटी तार) असायला हवा, कारण तुमचा ट्रान्सफॉर्मर एकच आहे. काही मॉडेलांत ही जोडणी आतूनच केलेली असते.

काळवंडलेले तांबे तसेच स्क्रूखाली दाबू नका. पाचगणीत पावसाळाभर धुके घरातून वाहते आणि एकदा गंज चढलेली तार वरून आवळली तरी आतून तो वाढतच राहतो. खराब भाग कापून टाका, स्वच्छ लालसर तांबे दिसेल इतके मागे या आणि साधारण 8 मिलिमीटर सोला. या केबलमध्ये एकसंध बारीक तार असते. सोलताना पाते तिच्यात रुतले तर ती तिथेच मोडते, म्हणून हलक्या हाताने सोला. स्क्रूच्या बाहेर उघडे तांबे दिसता कामा नये, आणि प्रत्येक तार ओढून पाहा. तपकिरीच्या टोकाला टेप गुंडाळा.

आता एक गोष्ट, जिच्याकडे हमखास दुर्लक्ष होते. थर्मोस्टॅटच्या मागचे भिंतीतले भोक आणि कंड्युट पाइपचे तोंड पुट्टीने बंद करा. माळ्यावरची थंड हवा त्या पाइपातून उतरते आणि नेमकी थर्मोस्टॅटच्या पाठीवर येते. मग खोलीत 22 अंश असले तरी त्याला 18 वाटतात, पंप विनाकारण चालत राहतो आणि सगळे जण थर्मोस्टॅटला दोष देतात. पुट्टी बसली की त्याच पाइपातून येणारी ओलही कमी होईल, आणि तुमचा जुना थर्मोस्टॅट तिनेच गेला असणार.

जोडणी झाल्यावर लगेच कॉम्प्रेसर चालू करू नका. घर पावसाळाभर बंद होते, म्हणजे आउटडोअर युनिटची वीजही बंद असणार. कॉम्प्रेसरच्या तळाशी तेल असते आणि थंड, बंद मशीनमध्ये गॅस त्या तेलात जाऊन मुरतो. अशा वेळी कॉम्प्रेसर एकदम सुरू केला तर तेल फेसाळून बाहेर फेकले जाते आणि बेअरिंगे कोरडी पडतात. यासाठी पुष्कळ हीट पंपांना तळाशी एक छोटा हीटर असतो. आउटडोअरचा एमसीबी चालू असला की तो आपोआप तापतो. म्हणून थर्मोस्टॅट ‘ऑफ’वर ठेवा, एमसीबी वर करा आणि 24 तास थांबा. शीतगृहात हंगामाआधी आम्ही हे न चुकता करतो. कॉम्प्रेसर गेला तर खर्च थर्मोस्टॅटच्या कितीतरी पट आहे.

वाईकर_परदेशी

ते 24 तास थांबताना सेटिंगे भरून घ्या. यंत्रणेचा प्रकार विचारल्यावर ‘हीट पंप’ निवडा. ‘कन्व्हेन्शनल’ हा पर्याय भट्टीवाल्या घरांसाठी असतो, आणि तो चुकून राहिला तर थर्मोस्टॅट रिव्हर्सिंग व्हॉल्व्हकडे ढुंकूनही पाहत नाही. ओ/बीच्या प्रश्नाला ‘ओ’, म्हणजे थंड करताना वीज, हे उत्तर द्या, कारण तुमच्या बोर्डावर ओ छापलेले आहे. जादा हीटर ‘इलेक्ट्रिक’ आणि एका टप्प्याचा. तापमान सेल्सिअसमध्ये करून घ्या.

चाचणीचा क्रम पाळा. आधी फक्त पंखा. मग थंड, कॉम्प्रेसर सुरू झाल्यावर काही मिनिटांनी आउटडोअरजवळची फोम गुंडाळलेली जाड नळी चाचपून पाहा, ती गार हवी. मग बंद करून गरम लावा. या वेळी तीच नळी चांगलीच कढत होते, म्हणून हात जपून लावा. दोन्हींच्या मध्ये पाच मिनिटे काहीच हालचाल दिसणार नाही. कॉम्प्रेसरच्या रक्षणासाठी थर्मोस्टॅट स्वतःहून थांबतो. त्या वेळात बटणे दाबत राहू नका. गरम लावल्यावर थंड हवा आली तर तारा उपसू नका, फक्त ओ/बीचे सेटिंग उलटे करा.

मिरजेचा_मास्तर

एक पुरवणी. कोणाला कधी हा ट्रान्सफॉर्मर बदलावा लागला, तर भारतात मिळणारा 230 व्होल्ट, 50 हर्ट्झचा घ्यावा. 40 व्हीए क्षमता नेहमीच्या घरगुती यंत्रणेला पुरते. अमेरिकेहून 120 व्होल्टचा आणून आपल्या लाइनवर लावला तर तो टिकणार नाही, आणि फक्त 60 हर्ट्झसाठी बनवलेला असेल तर 50वर त्याचा गाभा अधिक तापतो. थर्मोस्टॅट मात्र 24 व्होल्टच पाहतो, त्यामुळे तो सहसा चालतो. तरी त्याच्या पाठीवर 50/60 हर्ट्झ लिहिले आहे ना, ते वाचून घ्यावे.

अजिंक्यताऱ्याखालून (सातारा)

यंत्रणा सुरू झाली! पंखा, थंड आणि गरम, सगळे क्रमाने तपासले. थंड लावल्यावर नळी गार झाली, गरम लावल्यावर कढत झाली, सेटिंग उलटवण्याची वेळ आली नाही. सासूबाईंना फोनवर कळवले तेव्हा त्यांना फार समाधान वाटले. सर्वांचे मनापासून आभार.

एक शंका मात्र आहे. काल पहाटे बाहेर चांगलीच थंडी आणि धुके होते. आउटडोअरच्या पात्यांवर पांढरे बर्फ साचले होते. मग त्याचा पंखा अचानक थांबला, कॉम्प्रेसर चालूच राहिला, ‘फुस्स’ असा मोठा आवाज आला आणि युनिटमधून पांढरे लोट वर येऊ लागले. मी धूर समजून एमसीबी खाली केला. वास मात्र कसलाच नव्हता.

कृष्णाकाठचा_मेकॅनिक (सांगली)

ती वाफ आहे, धूर नव्हे. तुमचा हीट पंप डीफ्रॉस्ट करत होता.

गरम चालू असताना बाहेरची कॉइल हवेतली उष्णता शोषते, म्हणजे ती बाहेरच्या हवेपेक्षाही थंड असते. बाहेर 4-5 अंश आणि धुके असले की कॉइल शून्याखाली जाते आणि त्यावर बर्फ धरते. वेण्णा तलावाच्या काठी दव गोठते त्या दिवसांत तुमच्याकडेही हे वारंवार घडेल. बर्फ वाढले की बोर्ड रिव्हर्सिंग व्हॉल्व्ह फिरवून काही मिनिटांसाठी बाहेरची कॉइल गरम करतो आणि तिथला पंखा थांबवतो. ‘फुस्स’ हा व्हॉल्व्ह फिरल्याचा आवाज, आणि लोट म्हणजे वितळलेल्या बर्फाची वाफ. त्या वेळात घरात गार हवा येऊ नये म्हणून पांढऱ्या तारेवरचा जादा हीटर चालू होतो. हे काम पाच-दहा मिनिटांत आटोपते. मध्येच एमसीबी पाडू नका. जळका वास आला किंवा बर्फ तासन् तास तसेच राहिले तर मात्र बंद करून मला कळवा.

कराडकर

जादा हीटर किती वीज खातो? कराडला हीट पंप बसवावा का, याचा विचार करत आहे, म्हणून विचारतो.

वाईकर_परदेशी

हीटर 5 किलोवॉटचा असेल तर 230 व्होल्टवर जवळपास 22 अँपिअर घेतो आणि तासाला 5 युनिट. हीट पंप मात्र उष्णता तयार करत नाही, बाहेरून आत आणतो. त्यामुळे बाहेर 8-10 अंश असताना एका युनिट विजेत साधारण तीन युनिटांची उष्णता घरात येते. हीटरला हे शक्य नाही, तो एकाला एकच देतो.

म्हणून ताई, रात्री तापमान खूप उतरवून सकाळी एकदम चढवण्याची सवय इथे महागात पडते. 16वरून 22 मागितले की थर्मोस्टॅट घाई करतो आणि हीटर लावतो. एक-दोन अंशांचाच फरक ठेवा. सेटिंगमध्ये बाहेरच्या तापमानानुसार जादा हीटर रोखण्याची सोय असते. वाय-फायवर असाल तर थर्मोस्टॅट ते तापमान हवामानाच्या माहितीवरून घेतो. तिथे 5 अंश ठेवले तरी पाचगणीच्या बहुतेक रात्री पंप एकटाच पेलेल. डीफ्रॉस्टच्या वेळचा हीटर बोर्ड स्वतः लावतो, त्याला ही अट लागू होत नाही.

अजिंक्यताऱ्याखालून (सातारा)

एक-दोन अंशांचाच फरक ठेवला आहे आणि हीटरची अट 5 अंशांवर लावली आहे. पुढच्या पावसाळ्यात घर बंद करताना थर्मोस्टॅटचे काय करावे? आणि बोर्ड इन्व्हर्टरवर आहे, तो तसाच ठेवावा का?

कृष्णाकाठचा_मेकॅनिक (सांगली)

बोर्ड आणि पंखा इन्व्हर्टरवरून काढून घ्या. वीज गेल्यावर आउटडोअर बंदच असतो, त्यामुळे इन्व्हर्टरवर फिरणारा आतला पंखा माळ्यावरची गार हवाच डक्टमधून घरात ढकलतो आणि बॅटरी संपवतो. शिवाय उद्या दुसरा कोणी मेन खाली करून त्या बोर्डात हात घालेल, तेव्हा तिथे वीज नसलेली बरी.

पावसाळ्यात थर्मोस्टॅट भिंतीवरून उतरवा. त्याची तबकडी तारांसह जागेवर राहते, पुढचा भाग नुसता ओढला की निघतो. ओढण्याआधी इनडोअरचा एमसीबी खाली करायचा. तो भाग सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर हवाबंद डब्यात ठेवा, आणि तबकडीवर प्लास्टिकची पिशवी टेपने लावा. घर उघडाल तेव्हा पिशवी काढून टर्मिनलांवर हिरवा थर आहे का ते पाहा, थर्मोस्टॅट परत बसवून ‘ऑफ’वर ठेवा, मग सगळे एमसीबी वर करून 24 तास थांबा. वायरिंगच्या नकाशाची एक प्रत आणि ‘निळी = सी’ अशी चिठ्ठी बोर्डाच्या झाकणाच्या आत लावून ठेवा.